सामुदायिक अर्ज

रविवार, ५ ऑगस्ट १९५६. संध्याकाळी.

आजपासून रोजनिशी. नियमित. रोज किमान एक पान. कुणी वाचावी म्हणून नाही, पण पुढेमागे ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळीचा इतिहास लिहायची वेळ आली तर हाताशी साधन असावं.

मंडळी म्हणजे आम्ही नऊ ख्रिस्ती कुटुंबं. हिंदी मंडळीची सकाळची उपासना आटोपली की त्यांच्याच चर्चमध्ये दुपारी चारला आमची मराठी उपासना होते. मी सेक्रेटरी. सात वर्षं झाली. एकदाही निवडणूक घ्यावी लागली नाही, यावरून लोकांचा विश्वास दिसतो.

आज पाळकसाहेबांनी शरीर आणि अवयव यावर प्रवचन केलं. एकमेकांवाचून कुणाचं चालत नाही, मंडळीही तशीच, वगैरे. चांगलं झालं. हातापायांबद्दल बरंच बोलले, कानाबद्दलही बोलले. मस्तकाबद्दल फारसं बोलले नाहीत.

उपासनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर एकच विषय. नोव्हेंबरात आपलं मध्य भारत राज्य जाणार, नवा मध्य प्रदेश येणार, राजधानी भोपाळ. ग्वाल्हेरची निम्मी ऑफिसं उचलून तिकडे नेणार. आमच्यातले पाच जण सरकारी नोकरीत: मी, रेकॉर्डरूमचे मानसिंगराव, जीप चालवणारा तुकोजी, आणि कान्होजी व मधु हे दोघे कारकून. पाच घरं गेली तर चार उरतील. चार घरांची कसली मंडळी? पेटी कोण वाजवणार आणि गीतं म्हणणार कोण?

मी तिथल्या तिथे घोषणा केली. सामुदायिक अर्ज! पाचही जणांचा मिळून एक. आम्ही एक कुटुंब आहोत, आम्हाला ग्वाल्हेरातच एकत्र ठेवा. सगळे एकदम गप्प झाले. भारावले होते.

सोमवार, ६ ऑगस्ट.

‘ऐक्य समिती’ स्थापन केली. अध्यक्ष कुणी नाही, सगळे सारखे. मी फक्त निमंत्रक, चिटणीस आणि मसुदाप्रमुख. कामं वाटून दिली. वाटून केलेल्या कामाला बरकत असते. कागद आणणे: तुकोजी. नावांची यादी: मानसिंगराव. टायपिंग: मधु. शाई, टाचण्या: कान्होजी. महिला मंडळाच्या शांताताईंना प्रार्थनेचं काम दिलं. त्या पूर्वी नर्स होत्या, आता दाना ओली या गल्लीत एकट्या राहतात. मंडळीत कुणाच्याही घरी काही झालं की त्या पोचलेल्या असतात. जरा अतिच.

गुरुवार, ९ ऑगस्ट.

तुकोजीने रेघांचा कागद आणला. त्याला म्हटलं की सरकारी अर्ज रेघांच्या कागदावर कुणी पाहिला आहे का? तो म्हणाला की साहेब, रेघा असल्या तर लिखाई सीधी येते ना. या माणसाला काय सांगणार. कागद मीच आणीन.

मानसिंगरावांनी यादी वर्णानुक्रमाने केली. त्यामुळे माझा ‘साळवे’ एकदम तळाला. मी म्हटलं की ज्येष्ठता नावाची काही गोष्ट आहे. यादी मीच करीन.

मधुच्या टायपिंगमध्ये एका पानात तीन चुका. टायपिंगही मीच करीन. एका बोटाने का होईना, पण बिनचूक.

मनाशी नोंद: लोकांना सहकार्याची सवय लावली पाहिजे.

रविवार, १२ ऑगस्ट.

पाळकसाहेबांना सहज सुचवलं की पुढच्या प्रवचनात मस्तकावरही दोन शब्द यावेत. ते म्हणाले की मस्तक तर ख्रिस्त आहे. ते मला ठाऊक आहे. मी इथल्या कामापुरतं म्हणत होतो.

ऐक्य समितीची पहिली बैठक. उपस्थिती: मी, आणि माझी बायको लीला. ती किल्ली मागायला आली होती. सर्वानुमते मसुद्याला मंजुरी.

मंगळवार, २१ ऑगस्ट. ऑफिसातून आल्यावर.

मधले दिवस लिहायला सवड झाली नाही. मसुदा क्रमांक चार चालू आहे.

आज खात्यातून छापील फॉर्म वाटले. ज्याला ग्वाल्हेर सोडणं अडचणीचं असेल त्याने आपापल्या फॉर्मवर कारण लिहून द्यावं. मुदत १५ सप्टेंबर. ही सरकारची जुनीच युक्ती. प्रत्येकाला वेगळा फॉर्म, प्रत्येकाचं वेगळं कारण. म्हणजे माणसं सुटी झाली. आमच्या पाच जणांना ताबडतोब निरोप धाडला की फॉर्म कुणीही भरायचे नाहीत. आपलं कारण एकच, अर्ज एकच. चौघांनीही माना डोलावल्या. मला त्यांचा अभिमान वाटला.

माझा फॉर्म मी वनमालेच्या चित्रकलेच्या वहीला पुठ्ठा म्हणून दिला. मुलगी यंदा मॅट्रिकला आहे, कागद चांगला जाड होता.

रविवार, २६ ऑगस्ट.

उपासनेनंतर मसुदा क्रमांक सहा वाचून दाखवला. चाळीस मिनिटं. सुरुवात दक्षिणेतून आपले पूर्वज इकडे कसे आले तिथपासून. मग माझे आजोबा. मग पाळकसाहेबांच्या प्रवचनाचा सारांश, माझ्या दुरुस्त्यांसह. मूळ विनंती अकराव्या परिच्छेदात. घाईने विनंती केली की वजन जातं.

श्रोते मंत्रमुग्ध. कान्होजीने तर डोळे मिटून ऐकलं.

शेवटी तुकोजीने विचारलं की साहेब, अर्ज तर फर्स्टक्लास आहे, पर तारखेचं काय? मी हसलो. सगळ्या मंडळीचा अर्ज तारखेत अडकेल? शांताताई म्हणाल्या की साळवे, आजोबांना जरा आवरा, आजोबा काही भोपाळला जाऊन राहिले नाहीत. लोक हसले. मीही हसलो. थोडं.

रविवार, २ सप्टेंबर.

सह्यांचा समारंभ. कार्यक्रम आखला होता: आधी गीत, मग प्रार्थना, मग ज्येष्ठतेप्रमाणे सह्या. तुकोजी मध्येच घुसला आणि माझ्यासाठी राखलेल्या जागेत सही ठोकून मोकळा झाला. वर म्हणाला की कुठेही केली तरी सही तर सहीच आहे. संपूर्ण शेवटचं पान बाद.

मी काहीच बोललो नाही. फक्त विषय समजावून सांगितला. अर्धा तास लागला.

शनिवार, ८ सप्टेंबर.

नवं पान टाइप केलं. सह्या पुन्हा. या वेळी मी घरोघर गेलो. मानसिंगराव सही करताना म्हणाले की बळवंतराव, करतो, तुमच्या समाधानासाठी करतो. या वाक्यातला आदर मला भावला.

पण टायपात ‘ऐक्य’ शब्द फिका उमटला आहे. तो शब्द फिका नको. नववा मसुदा करतो. इंग्रजीतून करावा का? इंग्रजीला ऑफिसात जास्त मान आहे. विचार चालू.

मंगळवार, ११ सप्टेंबर. संध्याकाळी सात.

घरात कुणी नाही. वनमाला अभ्यासाला मैत्रिणीकडे, लीला शांताताईंकडे. महिला मंडळाची बैठक म्हणाली. मी कार्बन आणायला बाड्यावरच्या बाजारात गेलो आणि येताना दाना ओलीतून आलो. शांताताईंच्या दाराबाहेर बायकांच्या चपलांच्या जोडीला पुरुषांचे पाच जोड. तुकोजीचे ते मोठाले बूट तर मी कुठेही ओळखीन. आत दिवा होता. सगळे टेबलाभोवती डोकी खाली घालून बसलेले दिसले. पाळकसाहेबही होते.

अर्जासाठी प्रार्थना चालली होती! मी न सांगता! डोळे भरून आले. आत गेलो नाही. आपण दिसलो की लोक संकोचतात. घरी येऊन नववा मसुदा पुन्हा सुरुवातीपासून घेतला.

बुधवार, १२ सप्टेंबर.

आज जे झालं ते लिहावं की नाही याचा विचार केला. लिहितो.

सकाळी ऑफिसच्या पिशवीत, सही करायच्या कागदांमध्ये, एक नवा छापील फॉर्म मिळाला. माझ्या नावाने भरलेला. फक्त सहीची जागा मोकळी. अक्षर शांताताईंचं, दवाखान्यातल्या चार्टवरचं असतं तसं, टपोरं. लीलाला विचारलं. ती म्हणाली की भरलाच आहे तर करून टाका ना सही, तुमचा तो अर्जही जाऊ द्या, हाही जाऊ द्या, काय बिघडतं?

काय बिघडतं! मी सगळ्यांना सांगायचं की वेगळे होऊ नका, आणि माझ्याच घरातून माझाच वेगळा फॉर्म? बाकीच्यांना कळलं तर काय तोंड दाखवू? तिला तासभर मंडळी म्हणजे काय ते समजावलं. ऑफिसला उशीर झाला. फॉर्म फाडला. चार तुकडे. वाचण्याच्या भानगडीत पडलो नाही.

लीला चहाची कपबशी घेऊन आत गेली. पटलं असावं.

शनिवार, १५ सप्टेंबर.

आज मुदत. अर्ज तयार. पण दुपारी लक्षात आलं की इंग्रजी प्रतीत ‘कम्युनिटी’ला एक एम कमी. हाताने घातला असता तर दिसलं असतं. संपूर्ण पान पुन्हा. तोवर ऑफिस बंद.

हरकत नाही. सोमवारी देईन. सोमवार हा कामाला चांगला दिवस.

सोमवार, १७ सप्टेंबर.

अर्ज दिला! चौदा पानं, लाल फीत लावून. खिडकीवरचा बाबू म्हणाला की तारीख निघून गेली, आणि असा घोळक्याचा अर्ज चालतच नाही, हरेकाचा अपना-अपना फॉर्म हवा. मी त्याला अर्जाचा उद्देश समजावला. तो ऐकत राहिला. पाठीमागे रांग झाली होती, तीही ऐकत राहिली. शेवटी त्याने अर्ज घेतला आणि बाकीच्या गठ्ठ्यात न घालता वेगळा, मागे खिडकीच्या कडेला ठेवला. महत्त्वाचे कागद असे वेगळे काढतात. वर पाण्याचा ग्लास ठेवला, उडू नये म्हणून.

रविवार, ३० सप्टेंबर.

उपासनेत मंडळीला कळवलं की अर्ज योग्य ठिकाणी आहे, निश्चिंत राहा. खरोखरच सगळे निश्चिंत दिसले. मला आश्चर्य वाटावं इतके.

निकाल लागल्यावर करायच्या छोट्या भाषणाची तयारी सुरू केली. विषय: ‘हे यश माझं एकट्याचं नाही’. यात ‘माझं’ शब्द एकवीस वेळा येतो असं लीला म्हणाली. मोजायची काय गरज होती?

शनिवार, २० ऑक्टोबर.

यादी लागली.

मानसिंगराव: ग्वाल्हेर. तुकोजी: ग्वाल्हेर. कान्होजी: ग्वाल्हेर. मधु: ग्वाल्हेर.

बी. वाय. साळवे: भोपाळ. १ नोव्हेंबरला हजर व्हावं.

तीनदा वाचलं. दुसरा कुणी साळवे असेल म्हणून खालचीही पानं बघितली. नाही.

पहिला विचार हा की टायपिस्टची चूक. दुसरा हा की मंडळीचं मस्तक काढून घेण्याची वरूनच योजना असावी. मग खिडकीवरच्या बाबूकडे गेलो. तो म्हणाला की बाकी चौघांचे फॉर्म तर बारा सप्टेंबरलाच आले होते, सगळे एकाच लिफाफ्यात, सगळे एकाच अक्षरात. तुमचा ही आला असता तर हो जाता.

बारा तारखेला. म्हणजे अकराच्या संध्याकाळी.

ते प्रार्थना करत नव्हते.

रविवार, २१ ऑक्टोबर.

प्रभूच्या पंगतीत बारांमध्ये एक फितूर निघाला. माझ्याकडे चारांत चार. पाचवी घरातच.

उपासनेनंतर मी सगळ्यांना पायऱ्यांवर थांबवलं. शांतपणे बोलायचं ठरवलं होतं. हिंदी मंडळीचा चौकीदार काय झालं म्हणून बघायला आला. मी म्हणालो की माझ्या अर्जावर सह्या केल्यात आणि पाठीमागे आपापले फॉर्म भरलेत, याला काय म्हणायचं? कान्होजी आणि मधु चपला शोधायला लागले. तुकोजी म्हणाला की साहेब, आम्ही तुमचं मन ठेवलं आणि नोकरी पण ठेवली, दोनों काम करावे लागले. मानसिंगराव म्हणाले की बळवंतराव, आम्ही कुणाला सोडून गेलो नाही, सगळे मिळून राहायचं म्हणून तर बसलो होतो. मिळून! माझा शब्द! माझ्याच अर्जातून उचललेला!

मी पाळकसाहेबांकडे न्याय मागितला. ते म्हणाले की तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं, ती चूक आमची, मीही त्या टेबलाला होतो. पण साळवे, सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का? हा काय प्रश्न झाला? मी सगळ्यांचं ऐकतो. त्यावर पाळकसाहेब म्हणाले की ऐकायचं तर लोकांनी बोलायला पाहिजे, आणि लोकांनी बोलायला मी गप्प बसायला पाहिजे. पाळकांनी इतकं खोचून बोलू नये.

घरी आल्यावर लीला म्हणाली की त्या दिवशी सगळ्यांत आधी तुमचाच फॉर्म भरला होता. शांताताईंनी पहिला तुमचाच घेतला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं की हे गृहस्थ एकटे राहू शकत नाहीत.

मी? मी एकटा राहू शकत नाही? सात वर्षं मंडळीचं सगळं काम एकट्याने कोण करतं आहे?

मला फार लागलं. फसवलं याचं तर लागलंच, पण त्यांना जमलं याचं जास्त लागलं. एका संध्याकाळी, एका टेबलावर, एका शाईच्या दौतीत पाच फॉर्म. मला चौदा पानं लागली होती.

गुरुवार, २५ ऑक्टोबर.

सेक्रेटरीपदाचा राजीनामा लिहून मानसिंगरावांच्या हातात दिला. ते विनंती करतील, मी नाही म्हणेन, मग मंडळी घरी येईल, मग बघू, असा क्रम डोळ्यांपुढे होता. मानसिंगरावांनी वाचला, घडी घातली आणि तारीख टाकून फायलीत लावला. जन्माचे रेकॉर्डकीपर.

रविवार, २८ ऑक्टोबर.

उपासनेला गेलो नाही. माझ्यावाचून काय होतं ते कळू दे. पाच वाजता लीला आणि वनमाला परत आल्या. विचारणार नव्हतो, पण विचारलं. लीला म्हणाली की छान झाली. सूचना कुणी वाचल्या? सगळ्यांनी थोड्या थोड्या. किती वेळ लागला? लवकर आटोपली आज, वनमाला म्हणाली.

लीला भोपाळला येणार नाही. वनमालेची मॅट्रिक होईपर्यंत इथेच राहणार. मार्चनंतर बघू म्हणाली. तिच्या सोबतीला शांताताई रोज येऊन बसणार आहेत. हेही आधीच ठरलेलं दिसतं. माझ्या घराची ऐक्य समिती मला न विचारता भरते आहे.

बुधवार, ३१ ऑक्टोबर. स्टेशनवर, गाडी येईपर्यंत.

कुणीही पोचवायला येऊ नये असा निरोप पाठवला होता. सगळे आले. तुकोजीने माझी ट्रंक खांद्यावरून आणली. मी म्हटलं की हमाल केला असता. तो म्हणाला की हमालाला कुठे माहीत, तुमच्या ट्रंकेत नऊ मसुदे आहेत. पाळकसाहेबांनी फलाटावर प्रार्थना केली. मी डोळे मिटले नाहीत. निषेध म्हणून. कुणाचे डोळे उघडे आहेत का ते पाहिलं. कुणाचेच नव्हते.

शांताताईंनी डबा दिला. मी घेतला, पण थंडपणे.

रविवार, ४ नोव्हेंबर. भोपाळ.

नवं राज्य, नवी राजधानी, नवी खोली. खोलीला खिडकी आहे, ती दुसऱ्या खोलीत उघडते. तिथे दमोहचे दोन कारकून राहतात आणि मोठ्याने दात घासतात.

संकल्प: १) पहाटे उठणे. २) इथे नवी मराठी मंडळी उभी करणे. शिस्तीची. ३) ग्वाल्हेरला आपण होऊन पत्र लिहिणे नाही.

चार वाजता खोलीतच उपासना घेतली. गीत, प्रार्थना, सूचना. सूचना देण्यासारखं काही नव्हतं. तरी उभा राहिलो.

बुधवार, ७ नोव्हेंबर.

ग्वाल्हेरला पत्र लिहिलं. लीलाला लिहिलं, ते धरायचं नाही. शेवटी ‘सर्वांना’ असा एक शब्द घातला. पोस्टात टाकल्यावर वाटलं की खोडायला हवा होता.

रविवार, १८ नोव्हेंबर.

मराठी ख्रिस्ती कुटुंब शोधण्याची मोहीम. एक सापडलं. त्या बाईंनी चहा दिला. मी मंडळी, समिती आणि जबाबदाऱ्यांची वाटणी यांचा आराखडा मांडला. त्यांचे यजमान म्हणाले की आम्ही हिंदी चर्चला जातो, लोक चांगले आहेत, तुम्हीही या. मी म्हटलं की विचार करतो. सेक्रेटरी कोण आहे विचारलं. आहे कुणीतरी, म्हणाले.

रविवार, ९ डिसेंबर.

सर्दी. ताप नाही, पण अंग मोडून आलं आहे. ग्वाल्हेरला असतो तर एव्हाना शांताताई काढा घेऊन आल्या असत्या आणि मी म्हणालो असतो की काही गरज नव्हती. दमोहवाल्यांनी दार ठोठावून अद्रकवाली चाय हवी का विचारलं. मी म्हटलं की काही गरज नाही. ते गेले.

पुन्हा विचारतील असं वाटलं होतं.

रविवार, १६ डिसेंबर.

नाताळला ग्वाल्हेरला जायचं नाही असं पक्कं केलं आहे. लेखी निमंत्रण आल्याशिवाय तर नाहीच. लीलाच्या पत्रात फक्त एवढंच की वनमालेला लोकर आणा. हे निमंत्रण होत नाही.

शनिवार, २२ डिसेंबर.

तात्त्विक भूमिका बदलली. जो दुखावला गेला आहे त्यानेच पहिलं पाऊल टाकणं यात मोठेपणा आहे. मी जाणार. आणि सगळ्यांना जाहीर क्षमा करणार. नाताळाच्या प्रीतिभोजनाच्या वेळी सगळे एकत्र असतात, तेव्हाच. भाषण लिहिलं. ‘मी विसरलो आहे’ अशी सुरुवात, मग काय काय विसरलो त्याची तारीखवार यादी, शेवटी प्रत्येकाला नाव घेऊन क्षमा. तुकोजीला दोनदा. लीलाला घरी, खाजगीत.

लोकरही घेतली.

मंगळवार, २५ डिसेंबर. ग्वाल्हेर. रात्री जेवणानंतर.

गाडी पाच तास लेट. स्टेशनवरून थेट चर्चला गेलो. उपासना संपलेली. मागच्या आवारात प्रीतिभोजनाची तयारी. हिंदी मंडळीची माणसंही या वेळी होती, यंदा दोन्ही मंडळ्यांनी मिळून करायचं ठरलं म्हणे. मला कुणी विचारलं नाही. विचारायला मी नव्हतोच इथे.

मोठ्या सतरंजीवर मटारचा ढीग आणि भोवती दहा-बारा जण सोलायला. मी बॅग खाली ठेवली, खिशातलं भाषण चाचपलं आणि खाकरलो. मानसिंगराव सरकले. शांताताईंनी माझ्यापुढे एक ताट ठेवलं आणि म्हणाल्या की आलात, बरं झालं, हा इतका ढीग बाकी आहे.

बसलो. कुणीतरी विषय काढेल म्हणून वाट पाहिली. तुकोजी एका हिंदीवाल्याशी जीपच्या टायरबद्दल बोलत होता. लीला समोर होती. मधुने विचारलं की भोपाळला थंडी किती आहे. मी म्हटलं की आहे. यांच्यापैकी कुणाच्या मनात माझ्याविषयी काही राहिलेलं दिसेना. क्षमा करायची तर कुणाला करायची? ज्याला लागलेलंच नाही त्याला भाषण कसं वाचून दाखवणार? दोन महिने मी तिकडे जे उरापाशी धरून बसलो होतो त्याची इथे कुणाला खबरही नव्हती. भाषण सात पानांचं होतं. मी सोलत राहिलो.

माझ्या ताटात किडके दाणे बरेच निघाले. लीलाने ताट ओढून घेतलं, निवडलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं. मी काही समजावून सांगितलं नाही.

मग शांताताईंनी विचारलं की साळवे, जानेवारीच्या बदलीचे फॉर्म परत निघाले आहेत, मानसिंगरावांनी एक आणून ठेवला आहे, भरायचा का? मी म्हणणार होतो की मसुदा मी करतो. तोंडही उघडलं होतं. पण सगळे सोलत होते, कुणाचं लक्ष माझ्याकडे नव्हतं, आणि मला एकदम भोपाळची ती खिडकी आठवली. मी म्हणालो की भरा.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला, फॉर्म काढला. कारण काय लिहू, विचारलं.

मी म्हणालो की मला तिथे करमत नाही, एवढंच लिहा.

त्यांनी तेवढंच लिहिलं.